कानात सांगायची गोष्ट

लग्नाला आठ वर्षं झाली त्या दिवशी आम्ही दोघं गोव्यात होतो… चक्क समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात! सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्यासारख्यांनी लग्नाचा वाढदिवस करायला बाहेरगावी जाणं म्हणजे तेव्हा सोलापुरात चेष्टेचाच विषय होता.

त्याचं असं झालं… आमचे हे अक्कलकोट रोडला एका पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालू ठेवायचे. शेडचे मालक त्या हॉटेलला टॉवेल पुरवायचे. हॉटेलवाल्यानं त्यांना चार दिवस राहायला बोलावलं, राहणं-खाणं सगळं त्यातच. मालकांना काही जमेना, त्यांनी आम्हाला पाठवलं.

"तितं नुसतं मासं खायाला घालत्यात बग," असं जाऊबाईंनी घाबरवलं. म्हणून मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा भरून घेतला. फुकटचं जेवण सोडून आम्ही खोलीत बसून भाकरी मोडत होतो, आता सांगायलाही हसू येतं.

पण खरं सांगू? मला ना समुद्राचं अप्रूप होतं, ना हॉटेलचं. मला फक्त एक शांत जागा हवी होती.

मला दिवस गेले होते… दोनदा गर्भ पडल्यानंतर तिसऱ्यांदा. आमच्यात पहिले तीन महिने ही गोष्ट मोठ्यानं बोलत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. नवऱ्याला सांगायची तीसुद्धा कानात.

आणि आमची खोली शेडच्या मागे, मध्ये फक्त एक पत्रा! दोन्ही पाळ्या माग धडाडत असायचे. भाजी वाढू का, हेसुद्धा ओरडून विचारायचं, नाहीतर हातानं खुणवायचं. वीज बंद असेल त्या दिवशी हे वळसंगला शेतावर पळायचे आणि घरात सासूबाई कान टवकारून बसलेल्या असायच्या… कानात बोलणार कधी?

म्हणून मी ती गोष्ट पोटात ठेवून गोव्यापर्यंत नेली. एस.टी.त बसल्या बसल्या कशी सांगायची ते घोकत होते.

संध्याकाळी वाळूवर जाऊन बसलो. लाटा अशा आपटत होत्या की माझी छाती दडपून गेली. ह्यांनी मात्र पाय पसरले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "किती शांत हाय गं हितं!"

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत.

मग अगदी जवळ सरकले आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. "व्हय, व्हय… छान हाय की," म्हणाले आणि बुडणारा सूर्य दाखवला. मी परत सांगितलं. परत तेच, व्हय.

माझ्या मनात नको ती शंका आली. मी उठले, त्यांच्या पाठीमागे गेले आणि "अहो" अशी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, मग अजून मोठ्यानं… लांब बसलेल्या एका बाईनं वळून पाहिलं. हे तसेच समुद्राकडे बघत बसले होते.

आमच्या आळीत सगळेच ओरडणारे, सगळेच ओठांकडे बघून समजून घेणारे. त्यातल्या एकाला ऐकूच येत नाही, हे कुणाच्या लक्षात येणार होतं?

मी समोर येऊन बसले. तोंड नीट उघडून एकेक शब्द विचारला, "तुमाला समुद्राचा आवाज येतोय का?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग लाटांकडे. आणि अगदी भाबडेपणानं म्हणाले, "आवाज असतोय व्हय त्याला?"

त्या एका प्रश्नानं मी मोडून पडले… तेच मग हळू म्हणाले, "कमी येतंय म्हणून वाटत हुतं मला. पर तू कुणाला बोलू नगंस. आवाजावरनं बिगाड वळकता येत न्हाय म्हटलं, तर कोन ठेवतंय जॉबर म्हणून? मी हात लावून वळकतो माग."

आता ती गोष्ट उरली होती. खुणेनं सांगता आली असती. पण आठ वर्षं आमचं सगळं खुणेवरच तर चाललं होतं, एवढं एक तरी मला शब्दांत सांगायचं होतं. शेवटी सगळ्या किनाऱ्यासमोर मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मला दिवस गेल्यात!"

त्यांना कळलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते ढसाढसा रडले. मीही रडले, पण आनंदानं नाही… तेव्हा मला फक्त भीती वाटत होती.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी हे त्याच शेडमध्ये, त्याच धडाडणाऱ्या मागांमध्ये गेले. दुसरं काही येतच नव्हतं हो त्यांना. दोन-तीन वर्षांत उरलंसुरलं ऐकणंही गेलं.

दृष्ट मात्र लागली नाही. दिवस भरले आणि मुलगी झाली. हे दवाखान्याच्या दारात उभे होते, माझ्याजवळ आले आणि माझ्या ओठांवर नजर लावून विचारलं, "रडली का गं?" पोरगी तेव्हा माझ्या कुशीत टाहो फोडत होती. मी म्हटलं, "व्हय. लई मोठ्यानं."

ह्यांनी आळीभर पेढे वाटले. दारोदार जाऊन सांगत होते, "लई मोठ्यानं रडली म्हनं माजी पोरगी!" लोक हसले, पाठीवर थाप मारून गेले. माझ्या हातातला पेढा मी तसाच पुड्यात परत ठेवला.

लोक म्हणतात, देवाचे आभार मान, पदरात लेक टाकली. मानते ना… पण तिच्या बापाला तिचा आवाज कसा असतो ते कधीच कळलं नाही. त्याचा जाब मी कुणाला विचारू?