दट्ट्यापुढची फट

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी चहाच्या आधी बंदूक कानाशी धरायचे. छऱ्याची, हवेची बंदूक. खालची दांडी मागेपुढे करून हवा भरायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. कुठे बारीक सूं सूं आलं की म्हणायचे, "सूनबाई, दट्ट्याचं चामडं वाळलं. एरंडीचं तेल आण."

गुडीहत्नूरला मोठ्या रस्त्याच्या कडेला आमची वांग्या-टमाट्याची वाडी होती आणि माकडं रोजची. पहाटेपासून हाकलायचं, जेवता जेवता उठायचं, परत हाकलायचं. घरातलं प्रत्येक माणूस थकलेलं. म्हणून मामाजींनी आदिलाबादच्या बाजारातून ती जुनी बंदूक आणली. "तीन दांड्यात भेव, पाचात जखम, आठात पाप," असं ते म्हणायचे. पण धावून दमलेल्या माणसाला मोजायचं भान राहत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ओसरीवर बंदूक खोलली आणि नळीतल्या दट्ट्याचं टोक कानशीने घासून आखूड केलं. दट्ट्यापुढे दोराभर फट राहिली. मग दांड्या कितीही मारा, हवा त्या फटीतच अडायची; जोर तीनच्या पुढे जायचा नाही.

शेजारची पार्वताबाई हसायची, "काकाजी, तुमची बंदूक तं खोकलते!"

"खोकलू दे ना. मारुतीच्या लेकराले खोकला आयकवाचा हाय, जीव नाही घ्याचा."

एका वर्षी मामाजी तापाने पंधरा दिवस पडून राहिले. तेवढ्यात दट्ट्याचं चामडं फाटलं. कोणाला विचारायची मला लाज. मीच जुन्या चपलेचं चामडं कापलं, तेलात भिजवलं, बसवलं. गोधडीसारखंच, जाड तेवढं टिकाऊ, अशी माझी समजूत. त्या जाड चामड्याने फट भरून गेली, हे मला तेव्हा कळलं नाही.

मामाजी तापातून उठले त्याच दिवशी बांधावर माकडं आली. त्यांनी न मोजता दांड्या मारल्या. या वेळी बंदूक खोकलली नाही. बाभळीवरून एक माकडीण पडली ती उठलीच नाही.

त्यांनी तिला नव्या धोतरात गुंडाळून पुरलं, मिशी उतरवली, दहा दिवस सुतक पाळलं. लोक विचारत, "म्हातारपणी काऊन हात उठला हो?" ते म्हणत, "मोजलं नाही बापा, चुकलो." फट माझ्याच चामड्याने भरली हे आता मला कळलं होतं, तरी मी चुलीपाशी ऐकत बसायची. बंदूक त्यांनी परत कधी चालवली नाही. सहा वर्षं आम्ही थाळ्या वाजवून माकडं हाकलली.

शेवटच्या आजारात पेज पाजताना मी एकदाची बोलले, "मामाजी, ते जाड चामडं मी बसवलं होतं."

"ठाऊक हाय. अकराव्या दिवशी खोलून पाह्यली मी."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू आदीच कमी बोलतं माय. गावानं तुह्यं नाव घेतलं असतं तं पुरीच मुकी झाली असती." दम लागून थांबले. "आन् मोजलं नाही, हे तं खरंच हाय ना."

चार दिवसांनी गेले.

तेराव्याच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "मानूस चांगला, पन माकड मारलं होतं त्यानं." मी भात वाढत होते. पुरुषांच्या पंगतीत कधी तोंड उघडलं नव्हतं. भगोणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "ते चामडं मी बसवलं होतं."