तहानलेल्या कागदावरची रखमी

"पिला का ओ भाऊ?"

छापखान्याच्या दारात चपला काढता काढताच ताई हे विचारायच्या. मग मशीनमधून नुकताच निघालेला ओला ताव उचलून त्यावर अंगठा फिरवायच्या आणि तो खिडकीकडे धरून एक डोळा मिटायच्या. आमच्याकडे नवीन लागलेल्या कारकुनाला पहिल्यांदा हे ऐकून वाटलं, की बाई मशीनवाल्या चाचांच्या दारूची चौकशी करतायत. त्यानं चाचांकडे बघितलं. चाचा पक्के नमाजी, त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"तौबा तौबा! कागज का पूछ रहे बाबा वो, मेरा नहीं!"

ताई इतक्या हसल्या, की त्यांना ताव खाली ठेवावा लागला.

प्रश्न कागदाचाच होता. आमच्या नांदेडच्या छापखान्यात मुलांचं एक मासिक छापलं जायचं, स्वस्तातल्या न्यूजप्रिंटवर. तो कागद शाई पितो. शाई त्याच्या अंगात पसरते, बारीक रेघ जाड होते आणि जवळजवळ काढलेल्या रेघा एकमेकींत मिसळून डाग होतो. माझं काम चित्रं स्कॅन करून पानं लावायचं आणि प्लेट काढायचं. त्यामुळे मूळ चित्र आणि छापलेलं चित्र यांच्यात काय काय हरवतं, ते मी रोज बघायचो आणि चहा पिऊन विसरून जायचो. ताई विसरल्या नाहीत.

त्या कंधारच्या. तिथल्या एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायच्या. नवरा शेती करायचा. अंगानं सडपातळ, रंगानं चांगल्या काळ्या, आणि चालताना अशा चालायच्या की गर्दीतली माणसं आपोआप बाजूला व्हावीत. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आवाज चढवत नाहीत, पण त्यांच्या पुढ्यात आपणच नीट उभे राहतो. मासिकासाठी त्या दर महिन्याला चार पानांची चित्रकथा काढायच्या. तिची नायिका रखमी, शेतकऱ्याची दहा-अकरा वर्षांची पोर. ती तलाठ्याशी भांडायची, म्हशीशी बोलायची, गुरुजींना उलट प्रश्न विचारायची. आणि ती काळी होती.

"काळीच का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"शाळेत पोरींना सांगितलं, सोताचं चित्र काढा," ताई म्हणाल्या. "सगळ्या एकीमेकीला मागून राहिल्या, स्किन कलर दे, स्किन कलर दे. तो खडू असतोय ना, गुलाबी-पिवळा? त्याला पोरी स्किन कलर म्हणतात. आख्ख्या वर्गात त्या रंगाची कातडी एकीचीबी न्हाई, भाऊ. तरी सगळ्यांनी तोच लावला."

त्या वर्गानंतर पुढच्याच महिन्यात रखमी जन्माला आली होती.

पहिल्या गोष्टीची मूळ पानं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. निब शाईत बुडवून काढलेली. रखमीच्या गालावर केसासारख्या बारीक रेघा, एकीवर एक आडव्यातिडव्या, की त्यातून खरंच उन्हात रापलेली मऊ कातडी दिसावी. छपाईसाठी मी ती जीव लावून स्कॅन केली. पण चित्र काढलेलं मोठ्या कागदावर, छापायचं लहान करून, त्यात न्यूजप्रिंट. अंक निघाला तेव्हा रखमीच्या तोंडाच्या जागी तव्याचं बूड होतं. नाक नाही, डोळे नाहीत. फुग्यातले शब्द तेवढे हवेत लोंबत होते.

मासिकाचे संपादक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. माणूस भला, पण घाबरट. त्यांना पालकांचे फोन आले. त्यांनी ताईंना छापखान्यातच बोलावून घेतलं.

"ताई, सोपं आहे. तोंड रिकामं ठेवा. नुसती कडेची रेघ, नाक, डोळे. सगळे असंच काढतात."

"रिकामं ठेवलं की रखमी गोरी होती ना, सर."

"अहो, काळ्यापांढऱ्या चित्रात कोण गोरं आणि कोण काळं?"

"मग काळीच राहू द्या की," ताई म्हणाल्या. "तुमाला सारखंच हाय तर."

सर चष्मा पुसत उठले आणि पुढच्या अंकात तोंड दिसलं पाहिजे, एवढी अट घालून निघून गेले.

सर गेल्यावर ताई चाचांच्या मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ ताव पडताना बघितले. चाचांनी एक कोरा ताव त्यांच्या हातात दिला.

"ये कागज प्यासा है ताई. तुम्हारी बारीक रेघ गई सो गई. इसकू मोटा खाना देना पडता."

"किती मोटा?"

चाचांनी खांदे उडवले. "वो तुम देखो."

ताईंनी खरोखरच बघायचं ठरवलं. पुढच्या खेपेला एका पुठ्ठ्यावर जाड-बारीक रेघा ओळीनं काढून आणल्या. वर काळ्या रेघा पांढऱ्यावर, खाली पांढऱ्या रेघा काळ्यावर. एका कोचिंग क्लासच्या हँडबिलाच्या तावाला कडेनं कापून टाकायची पट्टी होती, तिथं मी त्या रेघा लावून दिल्या. पट्टी छापून आली तशी ताई खाली बसकण मारून एकेका रेघेवर बोट ठेवत गेल्या. "ही मेली. ही मेली. ही जगली. ही बी जगली, पण लठ्ठ झाली." चाचा वरून वाकून बघत होते आणि मेलेल्या रेघांना चुकचुकत होते.

निब त्यांनी त्या दिवसापासून बाजूला ठेवली. ब्रश घेतला. ब्रशला रखमीचे नाजूक गाल जमेनात. मग त्यांनी एक वेगळंच केलं. गुळगुळीत जाड कार्डावर रखमीचं आख्खं तोंड काळ्या शाईनं भरून टाकलं, वाळू दिलं आणि दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन त्या काळ्यातून उजेड खरवडून काढला. नाकाच्या शेंड्यावर एक फटकारा. दोन डोळे. गालाच्या हाडावर ऊन पडलेली एक तिरकी रेघ. सगळ्या पांढऱ्या रेघा जगतील एवढ्या रुंद.

त्या अंकाचा पहिला चांगला ताव पडला तेव्हा चाचांनी मशीन थांबवलं. ते विनाकारण मशीन थांबवणारे नव्हेत.

"देख रही मेरेकू," ते म्हणाले.

खरंच बघत होती. निबेची रखमी गोड होती, तिचा पापा घ्यावासा वाटायचा. ब्लेडची रखमी तशी नव्हती. मधल्या छटा सगळ्या गेल्या होत्या. काळं तरी होतं, नाहीतर पांढरं. त्यामुळे तिचं बघणं कडक झालं होतं. मला वाटतं, त्यानंतर गोष्टीही बदलल्या. अशा तोंडाच्या पोरीला म्हशीशी लाडीगोडी शोभली नसती. ती आता ग्रामसभेत उभी राहून विचारायला लागली, आमच्या वस्तीचा नळ कोरडा का? ताई म्हणायच्या, "मी न्हाई ओ शिकवलं तिला. ब्लेडनं शिकवलं."

हे असं काही वर्षं चाललं. हदगावपासून इस्लापूरपर्यंतच्या शाळांतून पोरं रखमीला पोस्टकार्डं पाठवायची. ताई ती वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक वेळी चाचांना म्हणायच्या, "बघा, तुमच्या तहानल्या कागदाचं नशीब."

मग मासिकाला एक मोठा देणगीदार मिळाला. रखमीच्या निवडक गोष्टींचं पुस्तक निघणार, रंगीत, चकचकीत आर्ट पेपरवर, छपाई हैदराबादला. सर हरखून गेले. आनंद मलाही झाला. त्या कागदावर केसाएवढी रेघसुद्धा सुटत नाही.

नमुन्याची पानं आधी माझ्या टेबलावर आली. मी ती ताईंना दाखवायचं टाळत नव्हतो, पण त्या चहा घेईपर्यंत थांबलो. रंग भरणाऱ्यानं संगणकावर रखमीच्या तोंडातली काळी शाई पुसून टाकली होती. तिथं फिकट गव्हाळ रंग घातला होता, गालावर गुलाबी झाक. ब्लेडच्या पांढऱ्या रेघा उरल्याच नव्हत्या. नाक तर नवीनच बसवलं होतं.

ताईंनी एकेक पान उलटून बघितलं. शेवटचं पान बघून सगळी नीट रचली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

सर तिथंच होते. "ताई, देणगीदारांचा आग्रह आहे. मुखपृष्ठ छापूनही झालंय. एकदा पुस्तक निघू द्या. तुमचं नाव महाराष्ट्रभर होईल. आणि आता कागद चांगला आहे, हवं तर पुढच्या पुस्तकाला तुमच्या त्या बारीक रेघा काढा. निब परत घ्या."

निबेचं ऐकून ताईंची बोटं निब धरल्यासारखी जुळली. मी त्यांच्याकडेच बघत होतो. ज्या हातानं ती पहिली पानं काढली होती, त्या हाताला तो मोह होणारच. मग त्यांनी मान हलवली.

"बारीक रेघा काढल्या तरी रंग तुमचाच माणूस भरणार ना?"

"तो... देणगीदारांचा माणूस आहे."

"मग न्हाई."

"ताई, असा हट्ट बरा नाही."

"हट्टच हाय, सर. ह्या पोरीला तोंड मिळावं म्हणून मी हात बदलला. निब सोडली, ब्लेड धरलं. कागद वाईट होता तर मी माझी रेघ बदलली, तिचा रंग न्हाई बदलला. आता कागद चांगला मिळाला म्हणून तिला विकू का? पुस्तक काढायचं तर ह्या गोऱ्या पोरीला दुसरं नाव द्या. रखमी माझी हाय."

त्यांनी सगळी मूळ कार्डं मागितली. मी कपाटातून काढून दिली. जुन्या कॅलेंडरचे दोन पुठ्ठे वरखाली लावून, सुतळीनं आवळून, त्या काखेत धरून बसस्टँडकडे निघून गेल्या. पुस्तक निघालंच नाही. मासिकात रखमीच्या जागी शब्दकोडं आलं.

महिनाभरानं त्या परत दारात. काखेत तोच पुठ्ठा.

"चाचा, सुट्टीच्या दिवशी मशीन चालवता का? रखमी आपणच काढू."

छापखान्याच्या मालकांनी परवानगी दिली. चाचा म्हणाले, गोडाऊनमध्ये थोडा चांगला पांढरा कागद उरलाय, तो वापरू. आम्ही एक ताव त्यावर काढून बघितला. ताईंनी बघितला आणि मान हलवली. त्या चकाचक कागदावर ब्लेडचे फटकारे विळ्यानं तोडल्यासारखे उघडेवाघडे दिसत होते. न्यूजप्रिंटवर शाई थोडी पसरायची, कडा मऊ व्हायच्या आणि तेच तोंड जिवंत व्हायचं.

"तिचं तोंड ह्याच कागदासाठी घडलंय," त्या म्हणाल्या. "प्यासाच आणा."

त्या दिवशी ताईंनी स्वतः ताव मोजून घडी घातले, पिना मारल्या. पोटऱ्यांपर्यंत साडी खोचलेली, कपाळाला शाई. ती पातळ पुस्तिका त्यांनी कंधारच्या आठवडी बाजारात चटईवर मांडून विकली. नंतर हदगावला, भोकरला, लातूरलाही घेऊन गेल्या. कुणी म्हणालं, "बाई, पोरगी लई काळी काढली," तर त्या म्हणायच्या, "हाव. तुमच्यासारखीच." माणूस आधी चिडायचा, मग हसायचा, आणि बहुतेक वेळा पुस्तिका घेऊन जायचा.

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत ताईंना डेंगी झाला. नांदेडला आणेपर्यंत उशीर झाला होता. पुढच्या गोष्टीची कार्डं काळी भरून ठेवली होती, खरवडायची राहिली.

दहाव्याला मी आणि चाचा कंधारला गेलो. बसस्टँडसमोर गावातल्या कुणा पुढाऱ्यानं श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला होता. मी त्याखालून दोनदा गेलो, तरी मला ओळख पटली नाही. गोरीपान बाई, गुलाबी ओठ, गुळगुळीत गाल. नाव वाचलं तेव्हा कळलं.

ताईंचे यजमान तिथंच उभे होते. हा माणूस कधी दोन शब्दांच्या वर बोललेला मी ऐकला नव्हता. फ्लेक्सवाला पोरगा त्यांना समजावत होता, "काका, फोटो टाकला की ते आपोआपच उजळ होतं. सगळ्यांचेच तसे असतात."

काकांनी विळा कंबरेला खोचला आणि खांबावर चढले. पुढाऱ्याची माणसं ओरडली. काकांनी चारी दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली पडू दिला, त्याची घडी घालून मोटारसायकलला बांधला आणि आम्हाला म्हणाले, "चला, रानात. आभाळ आलंय."

शेतात कापलेल्या सोयाबीनची गंजी उघडी पडली होती. आम्ही तिघांनी फ्लेक्स पसरून तिच्यावर टाकला. टाकताना काका थांबले, तो उलटा केला, आणि ती गोरी बाई खाली, शेंगांच्या अंगाला लावून त्याच्या चारी कडांवर दगड ठेवले.