ब्रेकवरचा पाय

पाय उचलला असता तर गाडी मुलाच्या हातावर आली असती. गुडघ्यातली कळ मांडीत चढली होती आणि पाय थरथरायला लागला होता. मुलगा पलीकडच्या पुढच्या चाकाशी जमिनीवर आडवा. ब्रेक दाबून बसलेल्या मला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"आई, पाय हलवू नकोस."

"हलवत नाही. तू हात काढ."

"बाही जॅकखाली अडकलीये. ओढली तर जॅक पडेल."

अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात थंडी सुरू झाली की टायर बदलावे लागतात. बर्फाचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. बरेच लोक गाडी दुकानात देतात. माझा मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, त्याला ते कमीपणाचं वाटतं. सकाळी मी म्हटलं होतं, "दे की दुकानात. तू चाकं फिरवतोस ती कॉम्प्युटरवर." तो म्हणाला, "तू चहा टाक."

पहिल्याच चाकाला तास गेला. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, त्याने नट गंजलेले. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तेव्हा ते सुटले. चाक तरी निघेना, आतल्या लोखंडाला चिकटलेलं. त्याने लाथा घातल्या. ठेवलेला एक नट गडगडत गाडीखाली गेला, तो काढायला याने हात घातला आणि जॅक कलला.

मला ब्रेकवर बसवलं होतं, कारण घरासमोरचा रस्ता उताराचा आणि हँडब्रेकही त्या मिठाने खाल्लेला. एरवी तो मागच्या चाकांना लाकडाचे दोन ठोकळे लावतो. या वेळी ते सापडले नाहीत. खंडेनवमीला मी त्याची हत्यारं पुजायला आत नेली होती. जॅक आणि पाना पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी जागेवर ठेवले. लाकडाचे तुकडे बघून वाटलं, हे कसलं हत्यार. थंडीसाठी तुळस घरात आणली होती, तिची कुंडी डुगडुगत होती, तिच्याखाली सरकवले. सकाळी तो शोधत होता तेव्हा मला आठवलंही नाही.

"ठोकळे तुळशीखाली आहेत," मी आतून सांगितलं.

तो म्हणाला, "आणि तुला आण म्हणूनही सांगता येत नाही."

त्याचा फोन स्वयंपाकघरात. माझा माझ्या खोलीत. सून नातीला मराठी शाळेत घेऊन गेलेली, ती दुपारी येणार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे माणसं गॅरेजमधून गाडीत बसून जातात आणि तशीच परत येतात. मी एकदा पाय बदलून बघितला. डावा ठेवला, उजवा काढला, तेवढ्यात गाडी बोटभर सरकली आणि तो ओरडला. पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

मग हॉर्न दाबला. इथे हॉर्न म्हणजे शिवीच. दाबूनच धरला. समोरच्या घरातली बाई तणतणत आली. मी दार उघडलं, खाली बोट दाखवलं, "माय सन" म्हटलं. मला तेवढंच येतं. ती वाकून बघायला गेली आणि तिचा आवाज बदलला. तिने तिच्या घरून जळणाची दोन लाकडं आणून चाकांमागे घातली, मग कात्री आणून जॅकेटची बाही खांद्यापासून कापली.

तो दाराशी येऊन उभा राहिला. दंडावर लाल वळ.

"आई, सोड आता पाय."

"लाकडं नीट बसलीत?"

"बसलीत."

"दोन्ही?"

"दोन्ही. ये, बघ."

"उतरले तर बघेन ना."

त्याने माझा पाय दोन्ही हातांनी धरून उचलला. गाडी हलली नाही. टायर पुढच्या रविवारी दुकानात बदलले.

त्या दिवशी गाडीत मी होते, वय अठ्ठ्याहत्तर. गाडीखाली माझा मुलगा, वय एक्कावन्न.