चार ओळींची क्वेरी

मी पत्रकांवर वाढले. पप्पा कारखान्यात कामाला होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं काढायचे: नळाच्या पाण्यासाठी, अडकलेल्या स्कॉलरशिपसाठी, वस्तीतल्या बंद वाचनालयासाठी. जयंतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांत कागदांच्या चवडी लागायच्या. मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले ते 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्याने एक खोड लागली. अन्याय दिसला की माझा हात आधी मथळा लिहितो.

अशी मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळघरात कोडिंग करते. डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक पेशंटची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि जगभर चालणाऱ्या यादीतला त्याचा कोड लावायचा. मधुमेहाला कोड, सर्पदंशाला कोड, शिडीवरून पडण्यालाही कोड. पुढच्या उपचाराच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्यालयात आधी हा कोडच बघतात. फाइल कोण उघडतो?

एका सकाळी रेकॉर्डच्या खिडकीशी सुरगाण्याकडची एक बाई आली. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी, तिची गाठ दाताने सोडत म्हणाली, "पोरीचे कागद पाहिजेत. मंजुरी परत आली म्हणतात. पोरगी गोळ्या घेत नाय असं लिहिलंय."

मुलगी अंगणवाडीत सेविका. दोन वर्षांपूर्वी या आईचीच किडनी तिला बसवली होती. आता तिचं शरीर ती किडनी नाकारायला लागलं होतं. इंजेक्शनांचा पहिला कोर्स देऊन तिला घरी सोडलं होतं, आणि किडनीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी रक्तातली किडनीवर उठलेली प्रतिपिंडं काढून टाकण्याचा मोठा उपचार लगेच सुरू करायला सांगितलं होतं. तो लांबला तर किडनी जाणार होती. मग सुरगाण्याहून दिवसाआड नाशिक, डायलिसिसच्या खुर्चीसाठी.

"कुणी लिहिलं ते दाखव मला," बाई म्हणाली.

मी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. पहिला कोड टी-८६.१, बसवलेली किडनी निकामी होणं किंवा शरीराने नाकारणं. बरोबर होता. खाली दुसरा, झेड-९१.१. रुग्णाने सांगितलेला उपचार पाळला नाही, असा त्याचा अर्थ. कोड लावणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं.

बाई बोलतच होती. "सकाळी आठला एक, राती आठला एक. मोबाइलमधी कोंबडा लावलाय तिनं. भाच्याच्या लग्नात अक्षता पडत होत्या अन् हिचा कोंबडा आरवला. सगळा मांडव हसला. तिनं तिथंच गोळी गिळली. अन् किडनी माझी हाय. मी चुकवू देईन का?"

मी तिला बाकावर बसवलं आणि कागदी फाइल काढून पहिल्या पानापासून वाचली. हे मी आधीच करायला हवं होतं. ढीग मोठा होता म्हणून मी फक्त डिस्चार्ज समरी वाचली होती, आणि समरीत एक ओळ होती: 'औषधे अनियमित'. दाखल करतानाच्या कागदावर औषधांबद्दलचा रकाना कोरा होता. औषधाची रक्तातली पातळी तीनदा तपासली होती, तिन्ही वेळा हवी तेवढी. मग ती ओळ आली कुठून?

समरी लिहिणारे ज्युनियर डॉक्टर वॉर्डात भेटले.

"हे पेशंटने सांगितलं होतं का सर?"

"आठवत नाही. आधीच्या कुणाच्या तरी समरीवरून फॉरमॅट घेतला असेल. तिकडून येणाऱ्यांचं तसंच असतं."

"तिकडून म्हणजे?"

"अगं, डोंगराकडचे. तू कोडिंगची ना? कोड लाव की."

जिने उतरून तळघरात येईपर्यंत माझा मथळा तयार होता. आमच्या कामात फाइलमध्ये शंका आली की डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतात, त्याला क्वेरी म्हणतात. मी दीड पान क्वेरी लिहिली. सुरुवात 'डोंगरावरची माणसं खोटारडी असतात काय?' आणि शेवट 'ही नोंद तात्काळ काढून औषधे नियमित असे लिहावे'. मधे तीनशे वर्षांचा अपमान बसवला होता. लिहून मला फार बरं वाटलं.

विभागप्रमुख मॅडमनी चष्मा लावून ते सगळं वाचलं.

"हे चौकात वाटायचं की ओपीडीत?"

"अन्याय नाही का हा, मॅडम?"

"आहे ना. पण तू डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घातलंस. उद्या तपासणीत हा कागद निघाला तर म्हणतील, कोडिंगच्या मुलीने डॉक्टरकडून हवं ते लिहून घेतलं. मग त्या पोरीचं खरंही खोटं ठरेल. क्वेरीत फाइलमधलं मांडायचं आणि विचारायचं. बस्स."

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो सोडला नाही.

"आणि दीड पानात सगळे आहेत गं. डॉक्टर आहेत, व्यवस्था आहे, इतिहास आहे. कोड लावणारी कुठे दिसली नाही मला."

पप्पांच्या पत्रकांत दोषी नेहमी समोरच्या बाजूला असायचा.

दुसरी क्वेरी लिहायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. एकेक विशेषण खोडताना दात काढल्यासारखं होत होतं. शेवटी चार ओळी राहिल्या:

'समरीत औषधे अनियमित अशी नोंद आहे.
दाखल करतानाच्या कागदात याबाबत काही लिहिलेले नाही.
औषधाची रक्तातील पातळी तिन्ही तपासण्यांत अपेक्षित मर्यादेत आहे.
कृपया औषधे घेण्याबाबतची नोंद स्पष्ट करावी.'

वेगळ्या कागदावर मॅडमना लिहून दिलं की पूर्ण फाइल न वाचता तो कोड मी लावला.

क्वेरी घेऊन मी किडनीच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, फाइलची पानं उलटली आणि ज्युनियरना बोलावलं.

"तिला विचारलं होतंस?"

"नाही सर."

"मग कुठून आलं हे?"

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना आत बोलावलं, मुलीला फोन लावायला सांगितला आणि गोळ्यांचं स्वतः विचारलं. कोंबड्याची गोष्ट त्यांनीही पूर्ण ऐकली. मग लिहिलं: आधीची नोंद चुकीची, औषधे नियमित, किडनी नाकारली गेली ती शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे. खाली सही, तारीख, वेळ.

त्या अर्ध्या पानावर माझं एकही वाक्य नव्हतं, आणि माझ्या कुठल्याही पत्रकाने एवढी मजल मारली नव्हती. मी झेड-९१.१ काढला. बोट क्षणभर बटणावर ठेवून दाबलं, चवीने. मॅडमनी कार्यालयात फोन करून फाइल पुन्हा बघायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली आणि संध्याकाळी मुलगी वॉर्डात दाखल झाली.

मी बाईंना जाऊन सांगितलं, "तुम्ही विचारत होता ना. डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं आणि मी न तपासता पुढे पाठवलं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वाचता येतं ना तुला? मग वाचायचं, पोरी."

त्यानंतर मी ज्युनियर डॉक्टरांच्या जुन्या समऱ्या काढल्या. तीच ओळ, तेच शब्द, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या माणसांच्या फायलींत. प्रत्येकीवर चार ओळींची क्वेरी गेली. काही ठिकाणी औषधं खरंच चुकली होती; तिथे कोड राहिला. बाकीच्यांचा निघाला. आता आमच्या विभागात नियम आहे: पेशंटला विचारल्याची नोंद फाइलमध्ये नसेल तर झेड-९१.१ लागत नाही. ज्युनियर डॉक्टर आता विचारतात आणि काय उत्तर मिळालं तेही लिहितात. अक्षर वाईट आहे, पण मी सगळं वाचते.

मागच्या महिन्यात ती मुलगी पुन्हा तुकडा तपासायला एक दिवस दाखल झाली. फाइल माझ्याकडे आली. रिपोर्ट स्वच्छ, नाकारण्याची खूण नाही. टी-८६.१ लावायचं कारणच उरलं नव्हतं. अशा वेळी झेड-९४.० लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाला दुसऱ्याची किडनी बसवलेली आहे. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि तो लावला.