वहिनींच्या खोलीचं दार

आमच्या नाटक कंपनीत मिस्त्रींनी इतकी दारं उभी केली, की तेवढ्या दारांतून मी प्रत्यक्ष आयुष्यात ये-जा केली नसेल. तुरुंगाचं दार, महालाचं, दवाखान्याचं. चार बारीक पट्ट्या, त्यांवर ताणलेलं कापड, वर रंगाचा हात. प्रेक्षकांना ते शिसवी वाटायचं आणि प्रयोग संपला की मिस्त्री तेच दार काखोटीला मारून टेम्पोकडे निघायचे. मागची बाजू मात्र कोरी. राजाच्या वेशात मी त्या कोऱ्या बाजूला प्रवेशाची वाट पाहत उभा असायचो आणि मिस्त्री कानाशी कुजबुजायचे, "महाराज, जरा बेतानं. फुंकर मारलीत तरी उघडेल."

त्यांच्या स्वतःच्या घरात आतलं दार कधी नव्हतंच. भाड्याच्या खोलीत मध्ये एक पडदा, तोही कंपनीनं टाकून दिलेला. म्हातारपणी दोन खोल्यांचं हक्काचं घर झालं आणि त्याच सुमारास वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. बाई जिद्दीची, त्यातून उठली. डाव्या हातात काठी आली, उजव्या हातात जेमतेम जोर उरला. डॉक्टर म्हणाले होते, जे जमेल ते त्यांचं त्यांना करू द्या. वहिनींनी हे इतकं मनावर घेतलं, की मिस्त्रींना पाण्याचा पेला भरून द्यायचीही चोरी झाली.

झोपायच्या खोलीला दार घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मलाही बरोबर नेलं. दुकानात दारं चौकटींसकट ओळीनं उभी होती, मागे ना भिंत ना खोली. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. वहिनी एकेका दाराशी थांबून ते उजव्या हातानं ढकलून पाहत होत्या. प्लास्टिकचं दार सहज हललं.

"हे नको," मिस्त्री म्हणाले. "बादलीचं झाकण वाटतंय."

सरकतं दार हलकं होतं, पण त्याच्या खाचेत वहिनींची बोटं शिरेनात. प्लायवूडच्या सपाट दारापाशी त्या जरा रेंगाळल्या. तोवर मिस्त्री कोपऱ्यातल्या सागवानी दाराशी पोचले होते. कोरीव चौकोन, पितळेची गोल मूठ. त्यांनी पुढून टकटक केली, मागे जाऊन टकटक केली, आणि दाराआडून डोकं काढलं.

"महाराज, मागूनही लाकूडच आहे हो."

"लाकडाच्या दाराला मागून काय चांदी असणार?" वहिनी म्हणाल्या. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढची दारं ढकलायचं त्यांनी सोडून दिलं.

दार बसलं. मिस्त्री येईल त्याला त्यावर हात फिरवायला लावत. मी जाईन तेव्हा मात्र ते सताड उघडं असायचं. "वारा येतो," वहिनी सांगायच्या.

एका दुपारी मिस्त्री भाजी आणायला गेले होते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आतल्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन लागलं. मग मूठ किंचित हलली, थांबली, पुन्हा हलली.

"भाऊजी," आतून आवाज आला. "जरा ढकलता का?"

मी ढकललं. वहिनी घामाघूम झाल्या होत्या. "मूठ फिरते तेव्हा दार ओढवत नाही," त्या म्हणाल्या, "आणि ओढायला जावं तर मूठ निसटते. ह्यांना बोलू नका. हौसेनं आणलंय."

मला बोलावंच लागलं नाही. मिस्त्री पिशवी घेऊन मागे उभे होते.

"रोज उघडं ठेवतेस ते यासाठी?"

"दार झकास आहे हो. माझ्याच हाताला अजून सवय नाही."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि पेचकस शोधायला गेले. संध्याकाळपर्यंत सागवान बिजागऱ्यांवरून उतरलं होतं.

मग त्यांनी हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणल्या, कंपनीत बांधायचे तशीच चौकट बांधली आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय चढवला. मूठ लांब दांडीची, मनगट टेकलं की खाली बसणारी. मधूनमधून बायकोला हाक मारत. "ढकल. आता ओढ." ती "जड" म्हणाली की दार पुन्हा खाली, पुन्हा रंधा.

"फारच पोकळ वाजतंय," एकदा ते कुरकुरले. "पाहणाऱ्याला काय वाटेल?"

"पाहणारे झोपायच्या खोलीत कशाला येतील?" वहिनी म्हणाल्या. "रंधा मारा."

सागवानाला चार पाय लावून त्यांनी जेवायचं टेबल केलं. कडेला बिजागऱ्यांच्या खाचा तशाच आहेत.

परवा त्याच टेबलाशी आम्ही चहा घेत होतो. वहिनी उठल्या, तसे मिस्त्रीही कप ठेवून मागोमाग उठले.

"बसा तिथेच. मी काय पळून चाललेय?" त्या फणकारल्या, काठी टेकत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मग पलीकडे कडी खुडबुडू लागली. अडली, सरकली, पुन्हा अडली. मी काही बोलणार तोच मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं. कडी खट्कन बसली.

"ऐकलंत, महाराज?" ते हळूच म्हणाले. "डाव्या हातात काठी आहे तिच्या."

"ऐकलंय त्यांनी," आतून वहिनी म्हणाल्या. "चहा निवतोय, तो प्या आधी."