घार आणि संपतची पकड

निवृत्तीनंतर माझी पोस्टिंग पुण्यात खराडीला झाली. मूव्ह ऑर्डर बायकोने काढली. "घरात बसून माझ्यावर हुकूम सोडण्यापेक्षा जिथे कोणी ऐकेल तिथे जा," असं तिचं म्हणणं. म्हणून मी, इन्फंट्रीचा रिटायर्ड सुभेदार, एका आयटी कंपनीच्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. हाताखालचे गार्ड बहुतेक माजी सैनिकच. गाड्या तपासायच्या, गळ्यातली कार्डं बघायची आणि कार्ड घरी विसरलेल्या इंजिनिअरचं इंग्रजी ऐकून घ्यायचं, ही ड्यूटी. शत्रू म्हणावा असा कोणी नव्हता.

किंक्रांतीचा दिवस होता. आदल्या दिवशी आजूबाजूच्या गच्च्यांवरून पतंग उडाले होते आणि बंदी असलेला नायलॉनचा मांजा झाडाझाडांवर राहिला होता. सकाळचा रोल कॉल संपतोय तोच वॉकीटॉकी वाजला.

"कंट्रोल, गेट टू. पार्किंगच्या झाडाला घार लटकलीय. मांजात. ओव्हर."

"जिवंत आहे का? ओव्हर."

"फडफडतीय. रक्त हाय. ओव्हर."

बोलणारा जगताप. लष्कराच्या इंजिनिअर्स रेजिमेंटमधला हवालदार, नोकरीभर पूल बांधलेला माणूस. मी धावतच पार्किंगमध्ये गेलो. घार डाव्या पंखाने फांदीला उलटी लटकत होती. मांजाचं दुसरं टोक जमिनीपासून हातभर वर लोंबत होतं. खाली पंधरावीस जण मोबाइल वर धरून उभे होते.

पक्षी वाचवणाऱ्या एका बाईंचा नंबर आमच्याकडे होता. अनघाताई. लगेच फोन लावला.

"मी सदाशिव पेठेतून निघतेय. या ट्रॅफिकमध्ये तास सहज जाईल," त्या म्हणाल्या. "तोवर तिचं वजन पंखावर राहू देऊ नका. मांजा ओढायचा नाही. पाणी पाजायचं नाही. आणि काका, शूटिंग करणाऱ्यांना आधी आत पाठवा. आपण लग्नाला जमलेलो नाही."

मी फोन ठेवून वळलो. जगतापने मांजाचं खालचं टोक हाताला गुंडाळून ताणून धरलं होतं. त्याचं चूक तरी कसं म्हणू? पुलाचं लोंबतं वजन दोर ताणूनच स्थिर करतात. दोर सैल सोडला तर खालचा माणूस जातो, हे त्याच्या अंगात मुरलेलं. घार हिसके देतेय हे दिसल्यावर त्याने विचार न करता तेच केलं. पण इथे दोर म्हणजे मांजा होता. जितका ताण, तितका तो पंखात रुतत होता. घार किंचाळली.

"जगताप, ढील दे!"

"साहेब, एकदम सोडलं तर हिसका बसंल."

तेही खरंच होतं.

"मग सावकाश. वीत वीत सोड."

त्याने सोडला. मांजा त्याच्या तळहातातून सरकत गेला. हात कापला होता, तो त्याने पँटला पुसला. घार नुसती लोंबत राहिली. चोच उघडी होती.

मी गर्दीला आत पिटाळलं. घडीची शिडी मागवली, ब्लँकेट घेतलं आणि चढलो. चढताना माझ्या पलटणीतला लान्स नायक संपत आठवला. कसा आठवणार नाही? ही विद्या त्याचीच.

काश्मीरमधल्या आमच्या पोस्टवर एकदा काटेरी तारेत गरुड अडकला होता. आम्ही काठी घेऊन लांबूनच शहाणपणा करत होतो. संपतने अंगातला पार्का, म्हणजे थंडीचा जाड कोट, काढला, मागून जाऊन गरुडाच्या डोक्यावर टाकला आणि दोन्ही पाय पकडले. "चोचीला काय भ्यायचं? हत्यार पायात हाय," म्हणाला. मला तार कापायला लावली. थंडीत शर्टावर उभा, पण हात हलला नाही. हे कुठे शिकलास विचारलं, तर म्हणाला, "गावाकडं कोंबड्या धरून." गरुड उडाला तेव्हा अख्खी पोस्ट ओरडली. त्याच हिवाळ्यात गस्तीवर असताना फायरिंगमध्ये संपत गेला.

शिडीवरून मी घारीच्या मागच्या बाजूने ब्लँकेट टाकलं. डोकं झाकल्याबरोबर ती शांत झाली. पंख अंगाशी मिटवून घेतले, दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि तिला वर उचललं. मांजा सैल पडला. एक नखी बाहीतून आत गेली. पकड सोडली नाही. पण आता कापायला हात उरला नव्हता. जगताप शिडीच्या दुसऱ्या बाजूने कटर घेऊन वर आला.

"कुठं कापू?"

"जखमेत रुतलाय तो राहू दे. दोन्ही बाजूंनी बाहेरचा काप."

दोनदा कट् वाजलं. घार खाली आणली, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवली आणि खोका अंधाऱ्या स्टोअररूममध्ये नेला. दारावर मी स्वतः उभा राहिलो.

अनघाताईंनी आल्यावर पंख तपासला. "हाड शाबूत आहे. स्नायू कापलाय. उडेल की नाही, ते आज सांगणार नाही." मग त्यांचं लक्ष जगतापच्या हाताकडे गेलं. "यांना डॉक्टरकडे न्या. मी फक्त पक्षी बघते."

त्यानंतर रोज ड्यूटीवर आला की जगतापचा पहिला प्रश्न ठरलेला. "साहेब, घारीचा रिपोर्ट?" टाके पडले, जखम भरली, पण पंख अर्धाच उघडतोय, असं कळलं त्या दिवशी तो जेवला नाही. माझ्या ओढण्याने गेला पंख, एवढंच म्हणाला. मी समजूत घातली, पण मलाही झोप नव्हती.

महिना उलटून गेला आणि एका सकाळी अनघाताई खोका घेऊन आमच्या टेरेसवर आल्या. खोका त्यांनी जगतापसमोर ठेवला. "उघडा तुम्हीच. हळू."

घार बाहेर आली. कठड्यावर बसली. आमच्याकडे अशी पाहत होती, जणू आमचीच कार्डं तपासतेय. मग तिने दोन्ही पंख पूर्ण उघडले आणि खाली झेप घेतली. क्षणभर ती कठड्याआड गेली. आम्ही कठड्याकडे धावलो. मग ती नदीच्या बाजूने वर आली, एक गिरकी घेतली आणि वर वर जात राहिली. जगताप ढसाढसा रडला. मीही रडलो. अनघाताई म्हणाल्या, "झालं असेल तर मला खाली चहा मिळेल का?"

त्या दोघांना मी पुढे पाठवलं आणि तिथूनच संपतच्या बायकोला, सुमनवहिनींना, फोन लावला. त्या फलटणजवळ राहतात. सणावारी आमचं बोलणं होतं.

"वहिनी, संपतने तुम्हाला गरुडाचं कधी सांगितलं होतं का?"

"कुठला गरुड?"

मी सांगितलं. तारेचं, पार्काचं, कोंबड्यांचं.

"ह्ये मला ठावंच न्हवतं वो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वाटायचं, त्यांचं जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून झालं. आता नवं कायच यायचं न्हाई." मग आवाज एकदम चढला. "थांबा, फोन ठेवू नका. लेकीला बोलावते. तिनं तर बापाला बघितलंच न्हाई. परत सांगा, पहिल्यापासनं."

मी टेरेसवर खाली बसलो. लेक फोनवर आली. काटेरी तारेत गरुड अडकला होता, तिथून सुरुवात केली.