वाचनाचं एक मिनिट

आम्ही निवृत्त शिक्षिका अधूनमधून राजारामपुरीत कुणाच्या ना कुणाच्या फ्लॅटवर जमतो. दरवेळी ठरतं, आज फक्त गुडघेदुखीवर बोलायचं, चांगल्या डॉक्टरांची माहिती घ्यायची. पण पोह्यांची प्लेट संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती वाचनाची चाचणी आठवते का?" झालं! गुडघे राहतात बाजूला. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि सहाची गाडी गाठायची म्हणून उठलेली बाई परत खाली बसते.

माझी नोकरी हुपरीजवळच्या एका प्राथमिक शाळेत. नव्वदचं दशक संपत आलं, तेव्हा आमच्याकडे ही चाचणी सुरू झाली. मुलाच्या हातात एक उतारा द्यायचा, घड्याळ लावायचं आणि मूल एका मिनिटात किती शब्द नीट वाचतं ते पाहायचं. एक नियम मात्र कडक होता. आपल्या वर्गाची चाचणी आपण घ्यायची नाही! शेजारच्या शाळेतले शिक्षक येणार, आणि वर्गाच्या बाई दाराबाहेर उभ्या. आत पोरगं वाचतंय आणि बाहेर बाईंचे ओठ हलताहेत, हे दृश्य सगळीकडे सारखंच.

* * *

पहिल्या वर्षी आले पाटील सर. शेजारच्या शाळेचे, आणि खेळाचं भलतंच वेड. स्टॉपवॉच आसपासच्या सगळ्या शाळांत त्यांच्या एकट्याकडे, त्यामुळे त्यांचा रुबाब काही विचारू नका.

माझा दुसरीतला संदीप समोर उभा राहिला. सरांनी अंगठा बटणावर ठेवला आणि सवयीनं ओरडले, "रेडी... वन, टू, थ्री, स्टार्ट!"

संदीप सुटला की! उतारा हातात धरून दारातून बाहेर, पटांगणातल्या लिंबाला हात लावून परत वर्गात. धापा टाकत विचारतो, "सर, पयला आलो न्हवं?"

मला वाटलं, आता सर चिडणार. पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे. म्हणाले, "बाई, वाचनाचं मागनं बघू. ह्याला तालुक्याला पळवा!"

* * *

एका वर्षी उतारे वेळेवर आलेच नाहीत, म्हणून पाठ्यपुस्तकातलाच धडा वाचायला द्यायचं ठरलं. तिसरीतला अमर उभा राहिला आणि असा काही सुटला की कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास नाही. मी दाराबाहेर खूश!

पाटील सर मात्र जुने खेळाडू. त्यांनी हळूच अमरच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि दुसरं ठेवलं. अमरचं चालूच! एवढंच नाही, धड्यातलं पान जिथं संपतं, नेमक्या त्याच जागी त्यानं बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

"अरे, हे गणिताचं पुस्तक हाय!" सर ओरडले.

अमर थांबला. पुस्तकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग आदी सांगायचं न्हाय व्हय सर? मला त्येबी पाठ हाय!"

आणि दिले की सगळे पाढे म्हणून.

* * *

एकदा पुण्याहून एक साहेब चाचणी पाहायला आले. सभ्य माणूस, बोलणं अगदी हळू. त्यांनी मुलांना सांगितलं, "बाळांनो, मला ऐकू येईल असं वाचा हं."

आमच्या पोरांना असं सांगतात का कुणी? पहिल्याच मुलानं सूर लावला आणि शेजारचा वर्ग गप्प झाला. रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थांबली. साहेबांनी हळूच खुर्ची मागे सरकवली आणि शेजारी बसलेल्या कांबळे बाईंना विचारलं, "हा वाचतोय की भांडतोय?"

कांबळे बाई पाटील सरांच्याच शाळेतल्या. त्यांच्या आईवडिलांनी शेतमजुरी करून लेकीला शिकवलं होतं आणि त्या कुणालाच बिचकायच्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "साहेब, भांडायला लागला तर तुम्हाला विचारावं लागणार नाही."

जाताना साहेबांनी शेरा दिला, 'आवाज उत्तम.' आजही मला त्या शेऱ्याचा अभिमान आहे.

* * *

ह्याच कांबळे बाईंच्या पुढ्यात एकदा माझी तिसरीतली शबाना बसली. वाचनात पटाईत. उतारा होता एका म्हातारीच्या हरवलेल्या कोंबडीचा. पोरगी झरझर निघाली आणि मध्येच गप्प! घड्याळ चालू, मी बाहेर घामाघूम.

"थांबलीस का गं? वेळ चाललाय!" कांबळे बाई म्हणाल्या.

"बाई," शबाना म्हणाली, "म्हातारीची कोंबडी हरवलीया. जरा वाईट वाटाय नको व्हय?"

कांबळे बाईंनी घड्याळ उपडं करून ठेवलं. "वाटू दे बाळा. झालं की सांग."

शब्द कमी भरले. पण असं वाचणारी पोर माझ्या वर्गातली आहे, हे मी पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

* * *

आणि मग राणी.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम. राणीच्या घरीही पैंजणाच्या कड्या जोडायचं काम चालायचं. पोरगी चौथीत आली तरी जोडाक्षर दिसलं की तिचं तोंड मिटायचं. वर्षाच्या सुरुवातीलाच तिचा बाप मारुती शाळेत आला. तो स्वतः शाळेची पायरी न चढलेला.

"बाई, चौथी झाली की बास. वाचाय येत न्हाय, मग शाळंत बसून काय करायची? घरात कड्या तरी जोडंल."

मी भांडले. शेवटी तो म्हणाला, "बरं. त्या तुमच्या परीक्षेत वाचली, तर पाचवीला घालतो. जबान हाय माझी."

वर्षभर मी आणि राणी मधल्या सुट्टीत बसलो. चाचणीच्या दिवशी कांबळे बाई आल्या. मी दाराबाहेर, मारुती खिडकीशी. राणी हळू वाचत होती, बोट ठेवून, पण एकही शब्द सोडत नव्हती. मिनिट संपलं तरी कांबळे बाईंनी तिला थांबवलं नाही. तिनं उतारा शेवटापर्यंत वाचला. माझे डोळे भरून आले.

मारुती मात्र खिडकीतून म्हणाला, "पाठ केलं आसंल. तुमी बाया बाया एक झालाय!"

त्यानं राणीचा हात धरला आणि तडक एसटी स्टँडची वाट धरली. शाळा सुटलीच होती. माझी कोल्हापूरची गाडीही तिथूनच, मी मागोमाग गेले. सगळं वर्ष पाण्यात गेलं असंच वाटत होतं.

स्टँडवर एक गाडी उभी होती. मारुतीनं पाटीकडे बोट केलं. "हे वाच."

"नि... पा... णी. निपाणी."

मारुती कंडक्टरकडे वळला. "बरोबर हाय का ओ?"

"व्हय की, निपाणीच. चढा लवकर!"

मारुती चढला नाही. दुसरी गाडी आली. "हे?"

"इ... चल... करंजी."

"बरोबर हाय का ओ?"

"बरोबर!" ह्या वेळी बाकावरचे चारजण एकदम म्हणाले. मारुतीनं मग गाडीच्या अंगावरचं, दारातून आतलं, जे जे दिसेल ते दाखवायला सुरुवात केली. राणी वाचत गेली. 'थुंकू नये' वाचलं. 'महिलांसाठी राखीव' आलं, तेव्हा 'म-हि-लां' म्हणून जरा थांबली, आणि मग 'साठी' जोडून पुढं गेली. माझी कोल्हापूरची गाडी लागली, भरली आणि गेली. माझे पाय काही हलले नाहीत.

कागलची गाडी आली. तिचीही पाटी वाचून झाली. मारुती आता कुणाला विचारतही नव्हता, नुसतं बोट दाखवत होता. दार अडवून उभ्या असलेल्या त्या दोघांना पाहून कागलचा कंडक्टर वैतागला.

"ओ पावणं, जायाचं तरी कुटं हाय तुमास्नी?"

मारुतीनं पाटीवरची नजर काढली नाही.

"कुटंच न्हाय," तो म्हणाला. "पोरगी वाचालीया!"